घरच्या तांदळात कॅडमियम असेल का? आधी लघवी तपासा, मग तांदूळ

प्रश्न असा आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. घरचाच धान, वर्षभर तोच भात, दोन्ही वेळा. वडील ५८ वर्षांचे, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर हे वाढतं) १.९ निघालं. साखर नाही, बीपी ‘थोडा’ वाढलेला. कंबरदुखीसाठी अधूनमधून गोळी किंवा सुई, दिवसाला तीन-चार खर्रे (तंबाखू-सुपारीचं मिश्रण). तांदळात कॅडमियम आणि आर्सेनिक असतं, त्यानं किडनी जाते, हे वाचून मुलगा विचारतो आहे की घरचा तांदूळ बंद करून बाहेरून आणावा का, तो तपासायचा कुठे, आणि आरओ बसवलं तर भागेल का.

यात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. वडिलांची किडनी कशानं बिघडली? तुमच्या तांदळात जड धातू आहेत का? आणि असले तर घरातल्या बाकीच्यांनी काय करायचं? तिन्ही एकाच तांदळाच्या रिपोर्टवर सुटतील असं धरून चाललात, तर पैसे जातील आणि वडिलांचे दोन-तीन महिने वाया जातील. म्हणून क्रम बदलतो.

५८ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.९ म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) साधारण ४०. हा तिसऱ्या टप्प्याचा उत्तरार्ध. मात्र एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. तीन महिन्यांहून जास्त काळ ईजीएफआर ६० च्या खाली राहिला, किंवा लघवीत अल्ब्युमिन जाण्यासारखी इजेची खूण तेवढा काळ टिकली, तरच त्याला जुनाट किडनीविकार म्हणतात. जुलाब झाले असतील, मे महिन्यात उन्हात काम झालं असेल, आदल्या आठवड्यात डायक्लोफेनॅकच्या दोन सुया घेतल्या असतील, तर क्रिएटिनिन तेवढ्यापुरतं चढतं आणि उतरतंही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे दुखण्याच्या गोळ्या आणि सुया आजपासून बंद. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, आणि मेडिकलवाला पुडीत बांधून देतो ती ‘कंबरेची गोळी’, जिचं नाव कुणालाच माहीत नसतं. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून ठरलेल्या मात्रेत. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा करा.

त्याच दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (३० मिग्रॅ प्रति ग्रॅमच्या आत हवं), लघवीची साधी तपासणी, पोटॅशियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड, हिमोग्लोबिन आणि किडनीची सोनोग्राफी. सोनोग्राफीत मूतखडा किंवा वाढलेली प्रोस्टेट दिसली, तर तांदळाचा विषय तिथेच मागे पडतो. आणि एक तपासणी जी पूर्व विदर्भात राहून जाते: सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक पुष्कळ आहेत, आणि सिकलसेल स्वतःच किडनीला इजा करतो. वाहकांतही कधी लघवीतून रक्त जाणं, लघवी घट्ट न होणं असे प्रकार दिसतात. सोल्युबिलिटी टेस्ट सरकारी दवाखान्यात होते. पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी. घरात कुणालाच माहीत नाही म्हणून ‘आमच्यात नाही’ असं समजू नका.

बीपी ‘थोडा’ हे मला मान्य नाही. आकडा लिहा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, तंबाखू तोंडात नसताना. या टप्प्यावर किडनी वाचवणारं सगळ्यात मोठं काम म्हणजे बीपी १३०/८० च्या आसपास ठेवणं. तांदूळ बदलून तेवढा फायदा होणार नाही.

आता धातूंकडे. किडनीच्या दृष्टीनं चार महत्त्वाचे: कॅडमियम, शिसं, आर्सेनिक आणि पारा. तुमसरकडचे लोक मँगनीजबद्दल विचारतात, कारण चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणी जवळ आहेत. पण मँगनीजचा मार मुख्यतः मेंदूवर असतो, किडनीवर नाही, म्हणून इथं सोडतो.

कॅडमियम भाताशी सगळ्यात जास्त जोडलेलं आहे. पोटात गेलेल्या कॅडमियमपैकी साधारण ५ टक्केच रक्तात शोषलं जातं, पण शरीरात लोह कमी असेल तर हे प्रमाण दुपटीपर्यंत जातं, कारण आतडं लोहासाठी उघडलेल्या वाटेनंच कॅडमियमही आत घेतं. आत आलेलं कॅडमियम यकृतात मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, तिथून किडनीत पोचतं आणि किडनीच्या नलिकांच्या सुरुवातीच्या भागात साचतं. तिथून ते निम्मं व्हायला १० ते ३० वर्षं लागतात. म्हणजे आज खाल्लेलं कॅडमियम नातवंडांच्या लग्नापर्यंत सोबत राहतं.

नलिकांचा हा भाग काय करतो हे कळलं की रिपोर्ट वाचता येतो. किडनीच्या गाळणीतून साखर, फॉस्फेट, युरिक ॲसिड, बायकार्बोनेट आणि लहान आकाराची प्रथिनं खाली उतरतात, आणि हा भाग ती परत रक्तात ओढून घेतो. कॅडमियमनं तो बिघडला की ही सगळी लघवीत वाहून जातात. रक्तातली साखर नॉर्मल आणि लघवीत मात्र साखर, रक्तातलं फॉस्फरस कमी, युरिक ॲसिड कमी, अशी जोडी दिसली तर डॉक्टरांचे कान टवकारायला हवेत (मधुमेहाची ‘फ्लोझिन’ गटातली गोळी चालू असेल तर मात्र लघवीत साखर येतेच). फॉस्फेट वर्षानुवर्षं वाहून गेलं की हाडं मऊ होतात. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या खोऱ्यात, जस्ताच्या खाणीच्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन बायकांना झालेला इताई-इताई आजार हाच. १९६८ साली जपान सरकारनं तो प्रदूषणातून झालेला आजार म्हणून मान्य केला.

इथे एक गफलत होते. लघवीच्या साध्या पट्टीवर प्रथिन ‘निल’ आलं की सगळे निर्धास्त होतात. ती पट्टी अल्ब्युमिन पकडते. कॅडमियमच्या इजेत सुरुवातीला बाहेर पडतात ती लहान प्रथिनं, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन. ती वेगळी मागवावी लागतात. बीटा-२ आम्लधर्मी लघवीत मूत्राशयातच तुटतं, त्यामुळे खोटा ‘नॉर्मल’ येऊ शकतो. म्हणून शक्य असेल तिथे अल्फा-१ मागतो; ते टिकाऊ असतं.

शिसं वेगळं वागतं. लघवी जवळपास स्वच्छ, किडन्या हळूहळू आक्रसतात, बीपी चढतो, युरिक ॲसिड वाढतं आणि गाऊट (सांध्यांचा आजार) होतो. पारा गाळणीवरच मारा करतो: अंगावर सूज, लघवीत फेस, अल्ब्युमिन भरमसाट. त्याचा उगम बहुतेक वेळा भातात नसतो, गोरेपणाच्या क्रीममध्ये असतो. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातून अशा रुग्णांची नोंद झाली. घरात कुणा मुलीच्या चेहऱ्यावर बिनकंपनीचं ‘आठ दिवसांत गोरं’ क्रीम असेल आणि पायांवर सूज असेल, तर आधी ती डबी घेऊन डॉक्टरकडे जा. आर्सेनिक किडनीला त्रास देतं, पण त्याआधी त्वचेवर खुणा सोडतं: तळहात-तळपायांवर खडे आल्यासारखी कडक कातडी, अंगावर पावसाच्या थेंबांसारखे गडद-फिके ठिपके.

अडचण अशी की वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाऊन बिघडलेली किडनी, शिशानं बिघडलेली आणि उन्हातान्हात राबून, वारंवार पाणी कमी पडून बिघडलेली किडनी, तिन्ही बाहेरून सारख्या दिसतात: लहान किडन्या, अल्ब्युमिन थोडंच. छत्तीसगडमधलं गरियाबंद जिल्ह्यातलं सुपेबेडा, आंध्रचा उद्दानम पट्टा, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, आणि आपल्याकडे अकोला-बुलढाण्याचा खारपाण पट्टा, या सगळ्या ठिकाणी किडनीचे रुग्ण खूप आहेत, आणि पाणी, धातू, फवारणी, उष्णता यांपैकी दोषी कोण यावर वाद आहे. एकच कारण ठामपणे सांगणाऱ्यापासून जरा जपून.

वडिलांची धातूंची तपासणी करून हे सुटेल का? फार नाही. लघवीतलं कॅडमियम हे आयुष्यभराच्या साठ्याचं माप मानतात, पण ते किडनी ठीक असलेल्या माणसात. नलिका बिघडल्या की ते आधी वाढतं, पुढे किडनीच झिजली की घटतं. ईजीएफआर ४० असताना त्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड. त्यापेक्षा त्याच भांड्यातला भात खाणाऱ्या, तंबाखू कधीच न लावलेल्या माणसाची लघवी तपासा. बहुतेक घरांत ती आई असते. तिच्या लघवीतलं कॅडमियम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन १ मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर तुमच्या ताटात मोठी गडबड नाही. ५ च्या वर असेल तर तांदूळ, पाणी, भाजी सगळं तपासायला घ्या. शिशासाठी रक्त: ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं की स्रोत शोधायचा. रक्तातलं शिसं गेल्या एक-दोन महिन्यांचंच सांगतं, जुनं हाडात बसलेलं असतं. आर्सेनिकसाठी लघवी द्यायची असेल तर आधी चार दिवस मासे-झिंगे बंद, नाहीतर माशातलं निरुपद्रवी आर्सेनिक आकडा फुगवतं.

केसांची तपासणी करून ‘शरीरात विष साचलंय’ सांगणारे, किंवा आधी औषध देऊन मग लघवी गोळा करणारे, या दोघांना पैसे देऊ नका. औषध दिल्यावर कुणाच्याही लघवीतून धातू जास्त निघतात; त्याची तुलना करायला नॉर्मल आकडाच नसतो. चिलेशनचा, म्हणजे धातू बांधून बाहेर काढणाऱ्या औषधांचा, उपयोग शिशाची पातळी खरंच जास्त असेल तेव्हा, दवाखान्यात, देखरेखीखाली. कॅडमियमसाठी मान्य असं चिलेशन नाही, उलट यकृतातलं कॅडमियम हलून किडनीवर येण्याचा धोका असतो.

आता तांदूळ किती वाईट असू शकतो, ते आकड्यांत बघू. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पॉलिश तांदळात कॅडमियमची मर्यादा ०.४ मिग्रॅ प्रति किलो आहे. ‘मर्यादेत आहे’ एवढं लॅबच्या रिपोर्टवर वाचून आपण खूश होतो. पण झाडीपट्टीतली राबणारी बाई दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ सहज खाते. ०.४ च्या हिशेबानं १६० मायक्रोग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीनं ठरवलेली सहन होणारी मात्रा महिन्याला वजनाच्या प्रति किलो २५ मायक्रोग्रॅम. ५० किलोच्या बाईसाठी रोज जेमतेम ४२. म्हणजे मर्यादेत बसणारा तांदूळसुद्धा तिला जवळपास चौपट मात्रा देऊ शकतो. उलटा हिशेब केला तर भात हेच मुख्य अन्न असणाऱ्यांनी ०.१ च्या आतला तांदूळ शोधावा, ०.०५ च्या आत असेल तर डोक्यातून काढून टाकावं. आर्सेनिकचंही असंच. पॉलिश तांदळात अकार्बनी आर्सेनिकची (त्याचा जास्त घातक प्रकार) मर्यादा ०.२, रोजच्या ४०० ग्रॅममधून ८० मायक्रोग्रॅम. आर्सेनिकच्या मर्यादेवर असलेलं पाणी, लिटरला १० मायक्रोग्रॅम, तीन लिटर प्यायलं तरी ३० च होतं.

घाबरण्याआधी तुमची जमीन बघा. कॅडमियम पिकात किती जातं ते मुख्यतः जमिनीच्या सामूवर (पीएच) ठरतं. पश्चिम विदर्भातली काळी, चुनखडीची जमीन, सामू ८ च्या आसपास, चिकणमाती भरपूर: तिथे कॅडमियम जमिनीला घट्ट धरून असतं. तुमच्या वैनगंगेच्या बाजूची सिहार, बरडी, हलकी मोरांड जमीन आम्लधर्मी असू शकते, सामू ६ च्या खाली. तिथे तेवढंच कॅडमियम जास्त सुटं असतं. कन्हारमध्ये, म्हणजे जड काळ्या जमिनीत, काळजी कमी. म्हणून तांदळाआधी माती तपासा: सामू, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह. कृषी विज्ञान केंद्रात हे होतं.

डीएपी आणि सुपर फॉस्फेटनं जमीन विषारी होते, हे निम्मं खरं. ही खतं ज्यापासून बनतात त्या रॉक फॉस्फेटमध्ये कॅडमियम असतं. युरोपनं २०२२ पासून प्रति किलो स्फुरदाला ६० मिग्रॅ ही मर्यादा लावली. समजा तुमचं खत त्या मर्यादेवर आहे आणि तुम्ही एकराला २० किलो स्फुरद देता, तर हंगामाला १.२ ग्रॅम कॅडमियम झालं. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये साडेआठ-नऊ लाख किलो माती असते. म्हणजे एका हंगामानं वाढ होते ०.००१४ मिग्रॅ प्रति किलो. ०.१ नं वाढायला ७० हंगाम. खताची काळजी करा, पण या वर्षी वडिलांची किडनी त्यानं बिघडली असं नाही.

जास्त लक्ष द्यावं ते गाळाकडे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात येतं. सांडपाण्यातले धातू बहुतांशी गाळाला चिकटून बसतात, त्यामुळे कालव्याच्या पाण्यात ते कमी आणि तळातल्या गाळात जास्त. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेतून मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ आणला असेल तर साधारणपणे चिंता नाही. सांडपाण्याच्या नाल्याचा किंवा राखेच्या बंधाऱ्याखालचा गाळ मात्र तपासल्याशिवाय बांधीत (धानाच्या वाफ्यात) टाकू नका. एकदा टाकला की काढता येत नाही. कोराडी, खापरखेडा, तिरोडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांजवळ पालेभाजीवर राख बसते. ती तीन पाण्यांत धुतली की बरीचशी जाते. सांडपाण्यावर वाढलेल्या पालकानं मुळातून घेतलेलं कॅडमियम धुऊन जात नाही. आर्सेनिकची नैसर्गिक वाढ जवळपास म्हणाल तर सीमेपलीकडे, छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात कौडीकसाजवळच्या भूजलात आहे. कोरची, कुरखेडा, देवरीकडच्यांनी बोअरचं पाणी आर्सेनिकसाठी एकदा तपासून घ्यावं.

इतकं होऊनही तांदूळ तपासायचाच असेल तर नीट तपासा. चुरणीनंतर एकाच पोत्याच्या तोंडातून मूठभर काढू नका. आठ-दहा पोत्यांमधून, वरून, मधून, तळातून थोडा थोडा घेऊन प्लास्टिकच्या चादरीवर एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तेच, शेवटी एक किलो राहील तोवर. गिरणीत भरडून, तुम्ही खाता तेवढाच पॉलिश केलेला द्या. पितळी परात, गंजलेली चाळणी वापरू नका. प्लास्टिकच्या नव्या पिशवीत भरून वाण, बांधी, हंगाम लिहा. वेगवेगळ्या बांध्यांचा धान मिसळत असाल तर मिसळलेलाच द्या, कारण खाता तोच.

लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची हवी आणि यंत्र आयसीपी-एमएस (अगदी कमी धातूही मोजणारं) हवं. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: तांदळातल्या कॅडमियमसाठी तुमची मोजण्याची किमान मर्यादा किती? ०.०१ किंवा ०.०२ मिग्रॅ प्रति किलो असेल तर ठीक. ०.५ म्हणाले तर पुढची लॅब शोधा. कारण ०.५ च्या खालचं सगळं ते ‘एनडी’ (सापडलं नाही) छापणार, आणि ०.३ असलेला तांदूळ तुमच्या हातात शून्य म्हणून येणार. आर्सेनिकची मर्यादा ‘अकार्बनी आर्सेनिक’ला आहे, पण आधी एकूण आर्सेनिक मागा. एकूण आर्सेनिक ०.२ च्या आत आलं तर वेगळं करायची गरज नाही, जास्त आलं तरच करा. शिशाची तृणधान्यातली मर्यादा ०.२. एकक नीट वाचा: मायक्रोग्रॅम प्रति किलो आणि मिलिग्रॅम प्रति किलो यांत हजारपट फरक असतो, आणि लोक १२० वाचून रडत येतात, जे खरं ०.१२ असतं.

एकाच बांधीत दरवर्षी आकडा बदलतो. पाण्यामुळे. बांधीत पाणी उभं असलं की मातीतली हवा संपते, लोहाचे कण विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. धान ते सिलिकॉनच्या वाटेनं आत घेतो. बांधी कोरडी पडली की उलट: आर्सेनिक धरलं जातं आणि कॅडमियम सुटतं. म्हणून जपानमध्ये कॅडमियमच्या भागात निसव्याच्या (लोंब्या बाहेर पडण्याच्या) आधी आणि नंतर तीन-तीन आठवडे पाणी उभं ठेवतात. आर्सेनिकच्या भागात मध्येच बांधी वाळवतात. कोणता धातू आहे हे माहीत नसताना ‘पाणी कमी द्या, विष कमी होईल’ हा सल्ला एकाला बरा करून दुसऱ्याला वाढवतो. तुमच्याकडे कॅडमियमच निघालं आणि पाणी कालव्याचं असेल, तर पोटरीपासून दाणा भरेपर्यंत बांधीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी टिकवा. पावसावरच्या शेतीत हे हातात नसतं; तिथे धुरे (बांध) उंच करून जे साठेल ते साठवा आणि सामू सुधारा. सामू ५.५ असेल तर माती परीक्षणानुसार चुना. जस्त ०.६ च्या खाली असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट. जस्त कमी असलं की पीक कॅडमियम जास्त ओढतं. ते सुपर फॉस्फेटमध्ये कालवून टाकू नका, दोघं मिळून न विरघळणारं संयुग होतं आणि दोन्ही वाया जातात.

स्वयंपाकघरात आर्सेनिकवर बराच ताबा मिळतो. तांदूळ तीन-चार पाण्यांत धुवा, सहापट पाण्यात उकळा आणि पेज काढून टाका. अकार्बनी आर्सेनिक साधारण निम्मं जातं. पेज मग पिऊ नका, गुरांनाही नको. पण हे सगळं पाणीच स्वच्छ असेल तर. बोअरमध्ये आर्सेनिक असेल तर भात ते शोषून घेतो आणि वाढवतो. कोंड्यात आर्सेनिक जास्त असतं, म्हणून कमी पॉलिशचा तांदूळ या एका बाबतीत वाईट. कॅडमियम दाण्यात आतपर्यंत पसरलेलं असतं, त्यावर धुण्याचा आणि पॉलिशचा परिणाम कमी. पेज काढल्यानं ब जीवनसत्त्वंही जातात, म्हणून रिपोर्ट चांगला असेल तर हा खटाटोप करू नका.

सगळ्यात सोपा बदल म्हणजे रात्रीचा भात काढून ज्वारीची किंवा गव्हाची भाकरी-पोळी. भाताची मात्रा निम्मी झाली की भातातल्या सगळ्या धातूंचीही निम्मी. बाहेरून तांदूळ विकत आणून तेवढं साधेल याची खात्री नाही, कारण त्याची जमीन कुठली हे तुम्हाला कळणारच नाही. तुरीची डाळ या बाबतीत निर्धोक. जवस मात्र कॅडमियम ओढणारं पीक म्हणून ओळखलं जातं. चटणी चिमूटभर चालेल, ‘ओमेगासाठी’ रोज दोन-तीन चमचे नको. तेल बरं, धातू ढेपेत राहतो. बकऱ्याची कलेजी आणि गुर्दा हेही साठा असणारे अवयव, आठवड्यातून एकदापेक्षा जास्त नको. हळद अखंड घेऊन घरी दळा. शिशाचा पिवळा रंग मारलेली हळकुंडं पाण्यात टाकली की लगेच रंगाची धार सोडतात. पितळेच्या भांड्यात अंबाडी, चिंच, ताक शिजवू नका, आणि कल्हईत शुद्ध कथील आहे याची खात्री नसेल तर त्या भांड्यात पाण्याशिवाय दुसरं काही ठेवू नका. रसौषधी, भस्मं, लेबल नसलेली चूर्णं वडिलांना या टप्प्यावर पूर्ण बंद. चालू असतील तर पुडी घेऊन डॉक्टरांना दाखवा, लपवू नका.

पाण्यासाठी आरओ कॅडमियम, शिसं, फ्लोराइड चांगलं काढतं. भूजलातलं एक प्रकारचं आर्सेनिक त्याला नीट अडवता येत नाही. घ्यायचं ठरलं तर पिण्यासोबत भाताचं आणि वरणाचं पाणीही आरओचंच हवं. पिण्याला आरओ आणि शिजवायला बोअर, यानं अर्धंच काम होतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. त्यात ३०० चा आकडा मीठ, चुना, मॅग्नेशियमचा असतो. लिटरमध्ये शिसं मर्यादेच्या पाचपट झालं तरी तो आकडा ०.०५ नं बदलेल, म्हणजे दिसणारच नाही. धातूंसाठी पाणी वेगळं तपासावं लागतं: हातपंप पाच मिनिटं चालवून, लॅबनं दिलेल्या आम्ल घातलेल्या बाटलीत, बाटली न विसळता. नळाला जुनं पितळी तोटी-जोडकाम असेल तर पहाटेचं पहिलं पाणी दुसऱ्या बाटलीत.

आणि खर्रा. तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम पानात साठवतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरातलं कॅडमियम न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतं, कारण फुप्फुसातून ते आतड्यापेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. खर्र्यात ते थुंकीतून पोटात जातं, गुडाखूतही (दातांना लावायची तंबाखूची पेस्ट). घरचा तांदूळ बंद करायला तयार असलेलं कुटुंब दिवसाचे चार खर्रे चालू ठेवतं, यात हिशेब चुकतो. खर्रा बीपीही वर नेतो, त्यामुळे वडिलांना दोन्हीकडून फायदा.

रेशनच्या तांदळात पोषणयुक्त दाणे मिसळलेले असतील, तर त्यात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. लोक ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ते वेचून फेकतात. आईचं हिमोग्लोबिन कमी असेल तर ते फेकू नयेत, लोह भरून आलं की कॅडमियमची वाटही अरुंद होते. पण घरात कुणी सिकलसेलचा किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल, रक्त चढवावं लागत असेल, तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. ईजीएफआर ४० असलेल्या वडिलांनीही लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नयेत. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोहाच्या रक्ततपासण्या) बघून ठरतं. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिनचा दुसरा रिपोर्ट आला आणि ते २.२ च्या वर गेलं, लघवी कमी झाली, पाय सुजले किंवा पोटॅशियम ५.५ च्या पुढे आलं, तर माती-तांदूळ बाजूला ठेवून त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरकडे न्या.